डूम इटर्नल: हातांना काय आलं, डोकं कुठे फिरलं?

धागाकर्ता, कोथरूड (जुना पीसी, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय)

परवा टपरीवर चहा पिताना दोन मित्र हमरीतुमरीवर आले. विषय डूम इटर्नल हा व्हिडिओ गेम. एक म्हणे याच्या तोडीचा शूटर, म्हणजे बंदुकांचा गेम, झाला नाही. दुसरा म्हणे हा शूटरच नाही, ही शिकवणी आहे, छडी घेतलेल्या मास्तरांची. मला दोघांचंही पटत होतं, म्हणून हा धागा काढतोय. परीक्षण नको, गुणदोषांचे तक्ते तर नकोच. तुमच्या बाबतीत काय झालं ते लिहा. कुठे आणि कशावर खेळलात तेही सांगा.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गेम इड सॉफ्टवेअरचा, म्हणजे १९९३चा मूळ डूम ज्यांनी काढला त्यांचाच. २०१६ साली त्यांनी डूम नव्याने आणला, इटर्नल त्याचा पुढचा भाग. पृथ्वीवर नरकातले राक्षस उतरलेत आणि समोर तुम्ही एकटे. भिंतीआड लपून जखमा बऱ्या होण्याची वाट बघायची सोय नाही. आरोग्य हवं तर अर्धमेल्या राक्षसाला हातांनी संपवायचं, त्याला ग्लोरी किल म्हणतात. गोळ्या हव्यात तर एखाद्याला चेनसॉने, म्हणजे यांत्रिक करवतीने, कापायचं. चिलखत हवं तर खांद्यावरच्या आग ओकणाऱ्या फ्लेम बेल्चने पेटवून द्यायचं, जळत्या राक्षसातून चिलखताचे तुकडे गळतात. सगळं वाणसामान शत्रूच्याच खिशात, त्यामुळे जो पळतो तो उपाशी मरतो.

माझा अनुभव लॉकडाऊनचा. ९ मार्च २०२० ला पुण्यात राज्यातले पहिले कोविड रुग्ण सापडले, २० तारखेला हा गेम आला, २२ ला जनता कर्फ्यू आणि २५ पासून सगळंच बंद. खरं तर तो नोव्हेंबर २०१९ मध्ये यायचा होता, पुढे ढकलला गेला. ढकलला नसता तर माझ्या सेमिस्टरच्या तोंडावर आला असता आणि मी हातही लावला नसता. १०५० टीआय हे किमान लागणाऱ्या कार्डांपैकी एक, त्यामुळे गेम अडखळणार अशी मनाची तयारी होती. पण सेटिंग खाली आणल्यावर लोण्यासारखा चालला. इतका देखणा गेम इतक्या फाटक्या मशिनवर पळवणं हे मी त्याचं पहिलं बळ मानतो. बाकीचं तुम्ही लिहा.

निगडी प्राधिकरण (पीसी, कीबोर्ड-माउस)

माझा अनुभव म्हणजे सासुरवास.

२०१६चा डूम मी तीन वेळा संपवलेला. त्यात सुपर शॉटगन हातात आली की बाकीच्या बंदुका माळ्यावर टाकल्या तरी चालायचं. तीच सवय घेऊन इथे आलो. इथे सुरुवातीला काडतुसं मावतात १६. सुपर शॉटगन एका बाराला दोन खाते, म्हणजे आठ बार झाले की ठणठणगोपाळ. समोर सहा राक्षस, मी रिकाम्या बंदुकीचा खटका दाबतोय आणि मरतोय. शिवाय प्रत्येक राक्षसाची खास खोड. अर्‍याक्नोट्रॉनची पाठीवरची तोफ आधी उडवा. काकोडीमनच्या तोंडात बॉम्ब टाका. ढालवाल्यावर प्लाझ्मा मारा. मी म्हटलं, अरे घर माझं आहे की तुझं? कुठल्या डब्यातली डाळ कुठल्या पातेल्यात शिजवायची हेसुद्धा तूच सांगणार? चौथ्या लेव्हलला राग येऊन महिनाभर बंद ठेवला.

नंतर हिंजवडीची बस बंद आणि घरी बसून काम, तेव्हा पुन्हा काढला. सुपर गोर नेस्ट नावाची लेव्हल आहे. तिथे एका रात्री, साधारण अकरा वाजता, माझ्या लक्षात आलं की गेली पाच-सात मिनिटं मी विचारच केलेला नाही. सुपर शॉटगनचा मीट हुक, म्हणजे साखळीचा आकडा, राक्षसात अडकवून वर गेलो, हवेतच बंदूक बदलली, काकोडीमनला बॉम्ब भरवला, उतरता उतरता दोघांना पेटवलं, झोंबी कापून गोळ्या घेतल्या. चेनसॉच्या इंधनाचा एक टिपका आपोआप भरत राहतो, म्हणजे गोळ्या कायमच्या संपतच नाहीत. हे गेमने मला पहिल्याच तासात लिहून सांगितलं होतं. मी ती पाटी न वाचता बंद केली होती!

तेव्हा सासुरवास होता का? होता. पण ज्या बंदुकीवर माझं प्रेम होतं तिच्याबाहेर मला या गेमने ढकललं, मी आपणहून गेलो नसतो. आता २०१६चा परत लावला तर अर्ध्या तासात जांभई येते. हा इटर्नलचा गुण की त्याने माझा जुना आनंद नासवला, ते ठरवता येत नाही.

सदाशिव पेठ (रूममेटचा लॅपटॉप)

मी स्पर्धा परीक्षावाला, त्यामुळे खेळ म्हणजे चोरीचा मामला. कॉटला कॉट लागलेली खोली, इअरफोन लावून रात्री.

मला सापडलेला दोष कुणी फारसा बोलत नाही. हा गेम सोडला की हात विसरतात. पूर्वपरीक्षेच्या आधी पाच आठवडे बंद ठेवला. परत उघडला तर आपण नेमके सर्वांत अवघड जागी उभे. बॉम्ब कुठल्या बटणावर, बर्फाचा गोळा कुठल्या, आग कुठल्या, काहीच आठवेना. बोटं नुसती कीबोर्डवर चाचपडत होती. शेवटी पहिल्या लेव्हलपासून परत सुरू केला. माझा अख्खा शनिवार त्यात गेला. पंधरा मिनिटं डोकं हलकं करायला म्हणून हा गेम उघडू नये, डोकं जड होतं. त्यासाठी कॅरम बरा.

वारजे (पीसी)

मला नाही आवडला. दर पाच मिनिटांनी खेळ थांबतो आणि पाटी येते, याला असं मारा, त्याला तसं मारा. त्या पाट्या सेटिंगमधून बंद करता येतात हे नंतर कळलं. शिवाय मध्येच भिंतींवर चढा, खांबाला लोंबकळा, दरीवरून उड्या मारा. बंदूक चालवायला आलो होतो, सर्कशीत नाही. दोन तास व्हायच्या आत पैसे परत मागितले, मिळाले. विषय संपला.

औंध (मुलाचा पीएस फोर)

मी ५२ वर्षांची गृहिणी आहे, इथे लिहावं की नाही अशा विचारात होते. मुलगा बंगळूरला अडकला, त्याचा प्लेस्टेशन इथे राहिला. तो फोनवर म्हणाला, आई, सगळ्यांत सोपी पातळी निवड. त्या पातळीचं नावच आहे ‘आय एम टू यंग टू डाय’. मला हसू आवरेना.

आधी वाईट सांगते. हाडं मोडणं, डोळे उपटणं हे फार आहे. पहिले दोन दिवस मी ग्लोरी किलच्या वेळी मान फिरवायचे. टीव्ही देवघरासमोरच्या भिंतीवर आहे, म्हणून खेळताना देवघराचं दार लावून घ्यायचे. ते आजही लावते. लहान मुलं घरात असतील तर हा गेम लावू नका, एवढं मात्र ठामपणे सांगेन.

आता वरच्या निगडीच्या भाऊंनी सासुरवास म्हटलंय, त्यांना सांगते, मला तो सासुरवास वाटला नाही, स्वयंपाक वाटला. एका शेगडीवर भात, एकीवर आमटी, तव्यावर पोळी. भात शिजेपर्यंत तिथेच उभं राहिलं तर पोळी करपते. तसंच इथे एकाला आग लावून ठेवायची, तो पेटेपर्यंत दुसरीकडे बॉम्ब फेकायचा, बॉम्ब परत तयार होईतो तिसऱ्याला कापायचं. कशाला किती वेळ लागतो ते हाताला कळतं. तीस वर्षं मी हेच करतेय, फक्त त्याला कुणी कॉम्बॅट म्हटलं नाही.

आणि वारजेवाल्यांना: त्या उड्या मारायच्या जागा मला फार आवडल्या. कुणी अंगावर येत नाही, आजूबाजूला बघता येतं. ते चिखल असलेले जांभळे भाग मात्र खरंच कंटाळवाणे. त्यात उडीही मारता येत नाही न् पळताही येत नाही. कशाला ठेवलेत कोण जाणे. वाटेत राक्षसांची छोटी खेळणी सापडतात, ती सगळी मी गोळा केली. भातुकली पूर्ण झाल्यावर मुलाला फोटो पाठवला.

सहकारनगर (पीसी)

काकू, दंडवत.

मला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. ड्रायव्हिंग लायसन्सच्या वेळीच तो प्रश्न निघाला होता. या गेममध्ये मरॉडर म्हणून एक आहे, हातात कुऱ्हाड आणि ढाल. ढालीवर कितीही मारा, उपयोग शून्य, उलट तो एक भुताटकी कुत्रा अंगावर सोडतो. लांब गेलात तर लांबून फेकतो, चिकटलात तर शॉटगनने उडवतो. मधल्या अंतरावर उभं राहायचं, तो कुऱ्हाड उगारतो तेव्हा त्याचे डोळे हिरवे चमकतात, त्या क्षणी गोळी. आजूबाजूला सगळं नारिंगी-लाल पेटलेलं आणि मी त्यात हिरवं शोधतोय!

पहिल्या भेटीत एकवीस वेळा मेलो. मोजले, कारण नंतर नंतर तेवढंच उरलं होतं. गेमने आपणहून जादा चिलखत देऊ केलं, मी अपमान वाटून नाही म्हटलं. मग बायकोने झोपायचंय म्हणून बल्ब घालवला, मी हेडफोन लावला आणि लक्षात आलं की डोळे चमकताना आवाजही येतो. त्यानंतर मी त्याला कानांनी मारतो. आता माझा तो आवडता शत्रू आहे.

या गेमचं बळ मी आवाजात मोजतो. मिक गॉर्डनचं संगीत भांडण पेटलं की चढतं, शेवटचा राक्षस पडला की ओसरतं, त्यामुळे मागे कुणी उरलाय का हे मला न वळता कळतं. पुढे आलेल्या एन्शंट गॉड्स नावाच्या दोन्ही जोडभागांना संगीत दुसऱ्यांचं आहे. वाईट नाही. पण माझे कान पहिल्याला सरावलेले.

धायरी

माझं दोन ओळींचं. गरगरलं, उलटी झाली. मोशन ब्लर, म्हणजे हालताना चित्र धूसर होणं, बंद केला, दृश्याची रुंदी वाढवली, खोलीत दिवा लावला, मग पाऊण तास जमतं. पाऊण तासाच्या वर नाही.

कर्वेनगर (पन्नाशीकडे झुकलेला)

आम्ही क्वेक थ्री अरीनावाले. इडचाच, १९९९च्या डिसेंबरात आलेला गेम, आमच्या हॉस्टेलवर तो पुढची चार वर्षं चालला. तपकीर गल्लीतून लॅन कार्डं आणायची, खिडकीतून खिडकीत केबल टाकायची, आणि रात्री आठ जणांनी एकमेकांना रॉकेट मारत सकाळ करायची. गुरुवारी लाइट गेली की झोप.

इटर्नलमधली चाल, म्हणजे हवेत दोन झेपा, दुहेरी उडी, बंदुका बदलण्याचा वेग, हे सगळं पाहून माझे जुने हात शिवशिवले. मग कळलं, यात डेथमॅच नाही, म्हणजे खेळणाऱ्यांनी एकमेकांनाच मारायचा प्रकार नाही! बॅटलमोड आहे, त्यात एक माणूस डूम स्लेयर, म्हणजे गेमचा नायक, आणि दोघं माणसं राक्षस होतात. कल्पना वाईट नाही. पण ज्या घराण्याने हा प्रकार जगाला शिकवला, त्यांच्याच गेममध्ये चार मित्रांना एकमेकांवर तुटून पडता येऊ नये? दोनशे गुलाबजाम तळून ठेवले आणि पंगतच नाही. जुन्या गँगमधल्या दोघांना खास घ्यायला लावला होता, ते अजून टोमणे मारतात.

मे २०२० च्या अपडेटमध्ये चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर आत टाकलं होतं, एकट्याने खेळणाऱ्यांच्या मशिनमध्येही. लोकांनी बोंब मारली, लगेच पुढच्या अपडेटमध्ये काढलं. तेवढं ऐकलं, डेथमॅचचं नाही ऐकलं.

निगडी प्राधिकरण

काकू, एकच विचारायचं राहिलं. मरॉडर कसा मारलात? सोप्या पातळीवरही तो ढाल काही सोडत नाही.

औंध

अहो, त्याचं काय झालं, पहिल्यांदा मी सात वेळा हरले आणि मुलाला फोन लावला. तो म्हणाला यूट्यूबवर बघ. मी बघितलं नाही, कारण ती मुलं इतकी भरभर बोलतात की मला काही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी भाजीला निघाले. तेव्हा सकाळी थोडा वेळ सोडायचे. औंधच्या चौकात रस्ता ओलांडताना एक दुचाकीवाला येत होता. आपण काय करतो? धावत सुटत नाही, कारण तो त्याच बाजूला वळतो. मागेही सरत नाही, कारण मग तो थांबतच नाही. मध्ये उभं राहून त्याच्या डोळ्यांत बघतो. तो जरा कचरला की निघतो. घरी येऊन पिशवी धुतली, हात धुतले आणि तसंच केलं. मधोमध उभी राहिले, डोळ्यांकडे बघत. चौथ्या खेपेला पडला.

शेवटच्या लेव्हलला अजून पोचले नाहीये, कुणी शेवट लिहू नका.

धागाकर्ता, कोथरूड

नाही लिहिणार, काकू. सहकारनगर, तुम्ही सांगितलेलं आज डोळे मिटून करून बघितलं. तीनदा मेलो, चौथ्यांदा आवाज ऐकू आला.