वाढदिवसाला देवाचे आभार मानायचे म्हणजे नेमकं काय म्हणायचं?

निळी_शाई
पुढच्या आठवड्यात माझा वाढदिवस आहे. दरवर्षी सकाळी उठून हात जोडते, "देवा, सगळ्यासाठी थँक्यू" म्हणते आणि मग दिवस फोन आणि मेसेजेसमध्येच जातो. यावर्षी तेवढ्यावर भागणार नाही असं वाटतंय. बाबांचं मोठं ऑपरेशन झालं, त्यातून ते वाचले, पण त्याच धावपळीत माझी नोकरी गेली आणि पाठोपाठ मावशी गेली जिने मला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. बाबा चष्मा कपाळावर चढवून पेपर डोळ्यांजवळ धरून वाचत बसलेले दिसले की मन भरून येतं, आभार तर मानायचेच आहेत, पण "सगळ्यासाठी" म्हणताना जीभ अडखळते कारण त्या सगळ्यात मावशीचं जाणंही आलं ना. तुम्ही काय म्हणता देवाला त्या दिवशी?

पहाटवारा
ताई, "सगळ्यासाठी" हा शब्दच सोडून दे. बायबलमध्ये १०३ वं स्तोत्र आहे, त्यात भक्त स्वतःच्याच जिवाला बजावतो की देवाचे उपकार विसरू नकोस, आणि मग नुसतं मोघम न बोलता एकेक घेतो, पापांची क्षमा केली, आजार बरे केले, मरणाच्या दाढेतून सोडवलं. मी वाढदिवसाच्या आदल्या रात्री वहीत तसंच लिहितो. "तब्येत चांगली ठेवलीस" असं नाही, तर अमुक रात्री ताप उतरला आणि आईला झोप लागली, असं. तू पण लिही, बाबा शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलले, तेव्हा खोलीत कोण होतं. लिहिता लिहिता आपोआप प्रार्थना होते, वेगळे शब्द शोधावे लागत नाहीत.

शांत_किनारा
मावशीबद्दल वाचून वाईट वाटलं. माझा धाकटा भाऊ गेला त्याच्या पुढच्याच महिन्यात माझा वाढदिवस होता, आणि येणारा जाणारा प्रत्येकजण सांगत होता की जे झालं त्यातही देवाचे आभार मान. नाही मानले मी. दुःखात असताना आभार मानणं वेगळं आणि दुःखासाठी आभार मानणं वेगळं, देव दुसरं मागतो असं मला वाटत नाही. पहाटवारा यांनी १०३ सांगितलं म्हणून सांगते, १३ वं स्तोत्रही वाच, सहाच ओव्या आहेत. सुरुवातीलाच चार वेळा देवाला विचारलंय, अजून किती काळ? मला विसरलास का, तोंड का लपवतोस? आणि तेच स्तोत्र संपतं ते देवाने माझं भलं केलंय म्हणून मी गाईन असं म्हणत. मधे प्रश्न सुटलाय असं कुठेच लिहिलेलं नाही. त्या वर्षी मला फक्त तेवढंच म्हणता आलं, आधी रडले आणि मग भाऊ मला मिळाला होता त्याबद्दल आभार मानले. मावशी तुला मिळाली होती, ते म्हण.

रात्रपाळी
मी आयसीयूमध्ये नर्स आहे. नातेवाईक तासन्‌तास मॉनिटरवरच्या रेषेकडे बघत बसतात, एरवी आपलं हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा धडधडतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. माझ्या प्रार्थनेत ते पहिलं येतं. पण मला वाटतं देवाचे आशीर्वाद बहुतेक वेळा माणसांच्या हातूनच येतात, तर त्यांच्यापर्यंतही आभार पोचले पाहिजेत. बाबांना ऑपरेशनमध्ये रक्त चढवलं असेल तर ते कोणाचं होतं हे तुला कधीच कळणार नाही. ती परतफेड करता येते. तब्येत ठीक असेल तर वाढदिवसाला रक्तदान कर, एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट्स वेगळे काढतात, प्लेटलेट्स तर पाचेक दिवसच टिकतात म्हणून देणारे सतत लागतात.

जुना_वाचक
पहाटवारा यांचं पटतं पण एक सांगतो बाळ, यादीचा हिशोब होऊ देऊ नकोस, मिळालं किती गेलं किती. माझी सत्तरी उलटली. मी आता एवढंच म्हणतो की जन्म मी मागितला नव्हता, तू दिलास, आणि थोडा वेळ गप्प बसतो.

निळी_शाई
सगळ्यांचे खरंच मनापासून आभार, शांत_किनारा ताई तुमचं पुन्हा पुन्हा वाचलं आणि खूप रडले पण मोकळं वाटलं. वही काढलीये. बाबांनी शुद्धीवर आल्यावर "तू जेवलीस का" विचारलं होतं, ते पहिल्या ओळीत लिहिलं. त्यांना रक्त चढवलं होतं, म्हणून रक्तदानाचं पक्कं केलंय. रात्रपाळी ताई, त्या दिवशी उपवास करायचंही मनात आहे, चालेल का?

रात्रपाळी
उपाशीपोटी रक्त द्यायला अजिबात जाऊ नकोस, चक्कर येते. नीट खाऊन, भरपूर पाणी पिऊन जा. ते आधी हिमोग्लोबिन आणि बीपी बघतात, काही औषधं चालू असतील तर आठवणीने सांग. उपवास दोन-तीन दिवस आधी करून घे, आणि बाबांना माझा नमस्कार सांग.