आल-इम्रानमधला थांबा: इब्न रुश्दने व्याकरण वाकवलं का?

कोरडा तर्क:
कुराणातली सूरा ३ (आल-इम्रान), आयत ७. काही आयती स्पष्ट, काही संदिग्ध, असं सांगून ती पुढे म्हणते: 'त्यांची तावील (उलगडा) जाणत नाही कोणी, अल्लाहशिवाय आणि ज्ञानात पक्के असलेले म्हणतात, आमची यावर श्रद्धा आहे.' वाचताना 'अल्लाह'पाशी थांबलात तर अर्थ त्यालाच ठाऊक. 'पक्के असलेले'पाशी थांबलात तर विद्वानही वाटेकरी. कॉर्डोबाचा तत्त्वज्ञ इब्न रुश्द (११२६–११९८) 'फस्ल अल-मकाल' या ग्रंथात दुसरा थांबा घेतो आणि ते पक्के लोक म्हणजे तत्त्वज्ञ, असं सुचवतो. सोयीचं आहे! पण मग पुढचं 'म्हणतात' कर्त्याविना अधांतरी राहतं. कुराणाचा भाष्यकार तबरी पहिल्या थांब्याच्या बाजूचा, आणि तर्कात मुरलेला भाष्यकार फख्रुद्दीन राझीसुद्धा. भारतात छापलेल्या प्रतींत 'अल्लाह'पाशी छोटा मीम (अरबी अक्षर) असतो, म्हणजे थांबायलाच हवं.

नहवी:
मीम ही थांब्यांची चिन्हं ठरवणाऱ्या सजावंदीची १२व्या शतकातली पद्धत. मदिनेत छापलेल्या प्रतीत तिथे 'थांबलेलं बरं' एवढंच चिन्ह आहे. आणि अधांतरी कसं? 'म्हणतात' तेव्हा 'हाल' (क्रियेच्या वेळची कर्त्याची अवस्था सांगणारी अरबी रचना) होतं: 'असं म्हणत'. खरी अडचण तुम्ही मांडलीच नाहीत. हाल दोन्ही कर्त्यांना लागला तर अल्लाहही 'आमची श्रद्धा आहे' म्हणेल! पण संदर्भ असेल तर तो एकालाच लागतो. ८९:२२ पाहा: 'तुझा प्रभू आला आणि फरिश्ते, रांगारांगांनी.' रांगा फरिश्त्यांच्याच. दुसऱ्या थांब्याचा अर्थ सुरुवातीच्या काळातला भाष्यकार मुजाहिद याच्याकडेही आहे, आणि तेव्हा अ‍ॅरिस्टॉटल अरबीत आलाही नव्हता.

कोरडा तर्क:
मुजाहिदची तावील म्हणजे स्पष्टीकरण. इब्न रुश्दची म्हणजे वाच्यार्थ सोडून लक्ष्यार्थ. नाव एक, काम दोन. त्याच्या आधाराला मुजाहिद चालत नाही.

उंबरठा:
हा मुद्दा दमदार आहे. पण अशा तावीलला लगाम गझाली आणि इब्न रुश्द दोघांनीही घातलाय. धर्मपंडित गझाली 'फैसल अत-तफरिका' या ग्रंथात अस्तित्वाच्या पाच पायऱ्या लावतात: प्रत्यक्ष, ऐंद्रिय, काल्पनिक, बौद्धिक, सादृश्याची. वरची पायरी अशक्य आहे हे सिद्ध केल्याशिवाय खाली उतरायचं नाही. लोक चुकतात ते इथेच, पहिलीवरून थेट पाचवीवर उडी. इब्न रुश्दच्याही अटी आहेत: वाच्यार्थ निर्णायक सिद्धतेशी भिडला पाहिजे, अरबीत रूढ लक्षणेची चौकट मोडता कामा नये, आणि निष्कर्ष सामान्यांपुढे मांडायचा नाही.

कोरडा तर्क:
शेवटची अट तर फारच सोयीची. गझालींनी अशा तावील लोकांच्या पुस्तकांत घातल्या म्हणून इब्न रुश्द त्यांना बोल लावतो, आणि स्वतः ग्रंथ लिहून मोकळा!

नहवी:
त्याचं उत्तर त्याच ग्रंथात आहे. हे प्रश्न आधीच चव्हाट्यावर आले नसते तर एक अक्षरही लिहिलं नसतं, असं तो म्हणतो. पटो न पटो, पण आरोप करण्याआधी तेवढं वाचायला हवं होतं.