व्याकरणातले प्रयोग शिकवायला पुस्तक सुचवा (बजेट ३०० रुपये)

खडूफळा (जिंतूर)
नववी-दहावीला मराठी शिकवतो. कर्तरी, कर्मणी, भावे पाठ होतात, पण क्रियापद कुणाच्या मागं चालतं हे पोरांना कळत नाही. 'आजीनं नातवाला गोष्ट सांगितली' यात 'ला' दिसला की निम्मा वर्ग भावे लिहितो. हे नातं उदाहरणांनी उलगडणारं पुस्तक हवं. ३०० च्या आत. स्पर्धा परीक्षेचं गाईड नको.

लातूर_पॅटर्न
सर, मो. रा. वाळंब्यांचं व्याकरणाचं पुस्तकच घ्या, दुसरं बघूच नका. तुमच्या वाक्यात शब्द बदलून बघायला लावा. नातवाच्या जागी नात घाला, 'सांगितली' हलत नाही. गोष्टीच्या जागी किस्सा घाला, लगेच 'सांगितला' होतं. क्रियापद गोष्टीच्या ताब्यात, म्हणजे कर्मणी. नातू अप्रत्यक्ष कर्म, त्याचा 'ला' इथं मोजायचाच नाही.

जाड_बांधणी
मो. के. दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' घ्या, १९११ चं. ३०० मध्ये नाही बसणार, तरी घ्या. माझी प्रत कापडी बांधणीची आहे, रोज हाताळूनही पान सुटलेलं नाही. शिकवणाऱ्यानं मूळ ग्रंथच वाचावा.

गोदाकाठ
कर्ता शोधायला शाळेत शिकवतात त्या 'णारा कोण' या प्रश्नावर फार विसंबू नका. 'गंगूला आपलं गाव आवडतं'. आवडणारं काय? गाव. मग गाव कर्ता. पण 'आपलं' कुणाचं? गंगूचं! 'आपला' एरवी कर्त्याकडं वळतो. पाणिनीनं अशा क्रियापदांना वेगळं सूत्र दिलंय, 'रुच्यर्थानां प्रीयमाणः' (१.४.३३). ज्याला आवडतं तो संप्रदान, म्हणजे 'राजाला दिलं' मधल्या राजासारखा.

लातूर_पॅटर्न
पेपरात कर्ता 'गाव'च लिहायचा. पोरांचे मार्क घालवू नका.

तुरीचं_रान
पुस्तकाचं माहीत नाही, पण 'ने' दिसला तरच कर्मणी, हे डोक्यातून काढा. 'मी भाकर खाल्ली' यात 'ने' कुठाय? तरी कर्मणीच. आपल्याकडं खेड्यात 'म्या भाकर खाल्ली' म्हणतात, त्यावर लाल शाई मारू नका. 'म्या' हे 'मी'चं तृतीयेचं, म्हणजे 'ने'च्या विभक्तीचं रूप, जुन्या मराठीत 'मियां'. प्रमाण भाषेत झाकलेली तृतीया या पोरांच्या तोंडी उघडी आहे.

जुनी_वही
'म्या' सोलापूरकडंही ऐकू येतं, फक्त आपलं नाही. बाकी दामल्यांना माझंही मत. बजेट वाढवा.

तुरीचं_रान
फक्त आपलं कोण म्हणालं? खोडू नका एवढंच म्हणतोय.

सुटणे_सोडणे
जोड्यांपासून सुरुवात करा. 'बैल सुटला'. 'बापूनं बैल सोडला'. 'बापूनं बैलाला सोडलं'. पहिल्यात एकटा बैल पुरतो. दुसऱ्यात सोडणारा लागतो, क्रियापद मात्र बैलाच्या मागं. तिसऱ्यात प्रत्यक्ष कर्मालाच 'ला' लागला, क्रियापदाला मागं जायला कुणी उरलं नाही, म्हणून नपुंसक एकवचन. गायीला सोडलं, बैलांना सोडलं, काही घाला, 'सोडलं'च. हा भावे. तशाच फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे.

पोरं अडकतात ती विसरणे, शिकणे, बोलणे यांवर. 'ती पत्ता विसरली', 'तो धडा शिकला'. कर्म आहे, भूतकाळ आहे, पण 'ने' नाही आणि क्रियापद कर्त्याच्या मागं. यांची वेगळी यादी भिंतीवर लावा.

विज्ञानाच्या तासाला संयुजा (एक अणू किती बंध जोडतो) शिकतातच, तीच वापरा. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ तेनिएरच्या १९५९ च्या ग्रंथात क्रियापदांना हीच कल्पना लावलीय, क्रियापदाला किती जण लागतात ते मोजायचं. 'उजाडलं' शून्य, झोपणे एक, फोडणे दोन, देणे तीन.

लातूर_पॅटर्न
वाळंब्यांत सराव भरपूर आहे. पुन्हा सांगतो.

खडूफळा (जिंतूर)
सगळ्यांचे मनापासून आभार. पुस्तक आत्ता घेत नाही. ३०० रुपयांत पुठ्ठे आणि स्केचपेन आणतो आणि ४० क्रियापदांचे पत्ते करतो. पुढं क्रियापद, मागं संयुजा, भूतकाळात 'ने' लागतो की नाही, आणि पोरांच्याच बोलीतलं एक वाक्य. 'म्या' असेल तर 'म्या'च. पहिली जोडी सुटणे-सोडणे. 'आवडणे'च्या पत्त्यावर कर्त्याचा रकाना कोरा ठेवतो. पेपरात काय लिहायचं ते सांगेनच, पण आधी वर्गाला भांडू देतो.