गोल काय नि चौकोन काय
वर कोणीतरी लिहिलंय की ओपन बॉल (केंद्रापासून ठरावीक अंतराच्या आतले सगळे बिंदू) अंतरावरून ठरतो, म्हणजे अंतर मोजायची पद्धत बदलली की टोपोलॉजीही (म्हणजे कोणते सेट ओपन ते) बदलणार. दरवेळी नाही हो. नेहमीच्या पद्धतींत नुसता बॉलचा आकार बदलतो, ओपन सेट (ज्यांच्या प्रत्येक बिंदूभोवती एखादा छोटा बॉल आत मावतो ते) तेच राहतात. प्रतलात नेहमीच्या अंतराने गोल चकती मिळते, दोन्ही अक्षांवरच्या फरकांची बेरीज घेतली तर टोकावर उभा चौकोन, मोठा फरक घेतला तर सरळ चौकोन, आणि प्रत्येकात त्याच केंद्राभोवती दुसरा जरा लहान करून बसवता येतोच, झालं.

पण हे मर्यादित मितींपुरतंच हं. एमएस्सीला मी हेच अनंत मितींना बिनधास्त लावलं आणि पेपरात आपटलो, कारण तिथे प्रत्येक अक्षावर हवा तो ओपन इंटरव्हल (टोकं वगळलेला तुकडा) घेऊन खोके केले की भलतंच होतं: (१,१,१,...), मग (१/२,१/२,...), मग (१/३,१/३,...) ही क्रमिका शून्याकडे जातेय असं वाटतं ना, पण पहिल्या अक्षावर (-१,१), दुसऱ्यावर (-१/२,१/२), असं निमुळतं खोकं घ्या, त्यात तिचा एकही बिंदू येत नाही (n वा बिंदू n व्या अक्षावर नेमका टोकावर, म्हणजे बाहेर), म्हणजे ती शून्याकडे जातच नाही! म्हणून प्रॉडक्ट टोपोलॉजीत मोजक्याच अक्षांवर बंधन घालतात, बाकीचे मोकळे.