हॉलसाठी ६५ इंची टीव्ही: अण्णांच्या बातम्या अन् पोराचा पीएस५ एकावरच चालवायचाय, काय घ्यावं?

अंबाजोगाईकर:
राम राम मंडळी. टीव्ही घ्यायचाय अन् डोक्याचं पार भजं झालंय. पगाराच्या फरकाची रक्कम जमा झालीय, दीड लाखापर्यंत जायची तयारी हाय, मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ चा १८ झाला तेव्हापासून घरात म्हणायलोय आता घेऊ आता घेऊ. सध्या ४३ इंची साधा एलईडी हाय. हॉल पूर्वेच्या अंगाला, दोन मोठ्या खिडक्या, सकाळी ऊन थेट भिंतीवर येतं, सोफा ते टीव्ही नऊ फूट. अण्णा सकाळी सहापासून बातम्या लावतेत ते दहापर्यंत, परत संध्याकाळी. डिशवरच. पोरगं नववीत, त्याचा पीएस५ गेम कन्सोल, अन् खोटं कशाला बोलू, दहानंतर मी पण खेळतो. संभाजीनगरला जालना रोडवर दोन दुकानं हिंडून आलो, तिथं सगळेच टीव्ही भारी दिसतेत, निस्ते समुद्रातले मासे अन् कापलेली फळं दाखवतेत. एक म्हणतो ओएलईडीशिवाय बघूच नका, दुसरा म्हणतो मिनी एलईडी घ्या, म्हणजे पडद्यामागं बारक्या बारक्या दिव्यांचा उजेड असलेला. काय करावं?

गोदाकाठ_नांदेड:
माझ्याकडं तीन वर्षांपासून ओएलईडी हाय म्हणून बोलतो. रात्री लाईट बंद करून बघा, वेड लागतं. प्रत्येक पिक्सल स्वतःच उजेड देतो, जिथं काळं तिथं तो बंदच, त्यामुळं काळा म्हणजे विहिरीतला काळा. पण तुमचं वर्णन वाचून पोटात गोळा आला. माझे सासरे डोळ्याच्या ऑपरेशनला आलते, दोन महिने राहिले, दिवसभर एकच न्यूज चॅनल, खाली ती लाल पट्टी. ते गेल्यावर क्रिकेट लावलं तर हिरव्या मैदानावर खाली पट्टीचा डाग, अजून हाय. तेच तेच पिक्सल रोज तासन्‌तास पेटत राहिले की बाकीच्यांपेक्षा लवकर म्हातारे होतेत, एवढंच गणित.

अन् अजून एक, जे दुकानदारानं सांगितलंच नव्हतं. चार-पाच तास बघून रिमोटनं बंद केला की टीव्ही स्टँडबायमध्ये स्वतःच पॅनल साफ करून घेतो, काही मिनिटं लागतेत. आमची आई झोपताना देवाला हात जोडते अन् बोर्डावरचं बटन खाली करते, रोज, न चुकता. म्हणजे ते साफ करणं कधी झालंच नाही. कंपनीला फोन केला तर म्हणे बर्न-इन, म्हणजे असला कायमचा डाग, वॉरंटीत बसत नाही. तुमच्या घरी बोर्डाचं बटन कोण बंद करतं ते आधी बघा.

रात्रपाळी_गेमर:
दादांचं बरोबर हाय पण गेमिंगचं कोणीच बोलंना. पीएस५ साठी १२० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारं पॅनल अन् एचडीएमआय २.१, म्हणजे तेवढी चित्रं आत घेणारं केबलचं पोर्ट, पाहिजेच. लोकं म्हणतेत १२० फ्रेमचे गेम हायेतच किती, खरंय, पण कितीतरी गेममध्ये ४० फ्रेमचा मोड असतो अन् तो १२० च्या पॅनलवरच नीट चालतो, कारण १२० ला ४० नं बरोबर तीनदा भाग जातो, ६० ला जात नाही. व्हीआरआर बघा, म्हणजे गेमचे फ्रेम कमीजास्त झाले तरी पडदा त्याच्या तालात चालतो, एएलएलएम बघा म्हणजे कन्सोल चालू केला की गेम मोड आपोआप लागतो. गेम मोड नसला तर बटन दाबल्यावर खेळाडू दम खाऊन पळतो.

पोर्ट मोजा!! एलजीच्या सी सिरीजला चारही पोर्ट २.१ चे, सोनीच्या ब्राविया ८ ला चारातले दोनच, त्यातला एक ईआर्कचा (टीव्हीचा आवाज साउंडबारला देणारा), म्हणजे साउंडबार लावला की उरला एक. सॅमसंगमध्ये डॉल्बी व्हिजन (सीनप्रमाणं उजेड अन् रंग जुळवून घेणारी पद्धत) नाही, पण पीएस५ गेममध्ये डॉल्बी व्हिजन देतच नाही त्यामुळं पोराला फरक शून्य, सिनेमे बघणाराला फरक. ८के च्या नादी लागू नका, बघणार काय त्याच्यावर?

अन् डिशचं साधं चॅनल ६५ इंचावर फाटकं दिसणारच, कितीही महाग घ्या. अण्णांना एचडीचं पॅक टाकून द्या.

वायरमन_परभणी:
सगळे पॅनल पॅनल करायलेत, लाईटचं कोण बघणार? टीव्ही कमी व्होल्टेजला सहसा मरत नाही, आतला सप्लाय १०० पासून २४० पर्यंत ओढतो. मरतो तो न्यूट्रल तुटल्यावर. डीपीवर न्यूट्रल गेला की २३० च्या जागी घरात ४०० च्या आसपास येतं अन् मग टीव्ही, फ्रीज, चार्जर एकाच मिनिटात धूर. मागच्या उन्हाळ्यात एका गल्लीतले सात टीव्ही बघितले मी असे, एकाचा तर हप्ता पण सुरू व्हायचा होता. हाय व्होल्टेजला कट मारणारा स्टॅबिलायझर किंवा मेनबोर्डात ओव्हरव्होल्टेजचा प्रोटेक्टर बसवा, दीड लाखाच्या मालापुढं तो खर्च काहीच नाही. अर्थिंग तपासा, खड्ड्यात मीठ-कोळसा टाकून किती वर्षं झाली ते आठवा.

अवकाळीत ढग वाजायला लागले की डिशची वायर बॉक्समधून काढायची. वीज छत्रीवरून बॉक्समध्ये अन् तिथून एचडीएमआयनं टीव्हीत उतरती, निस्ता प्लग काढून भागत नाही. इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर टीव्ही अन् पीएस५ मिळून साडेतीनशे वॅट धरा. बॅटरी जुनी असली तर मॅच अर्ध्यात.

अंबाजोगाईकर:
गोदाकाठ दादा, बोर्डाचं बटन आमच्याकडं अण्णाच बंद करतेत, अन् बंद केलं का बघायला परत उठतेत 😂

गोदाकाठ_नांदेड:
मग जुना ४३ इंची डिशसकट अण्णांच्या खोलीत लावा की! हॉलमध्ये मग बिनधास्त ओएलईडी.

अंबाजोगाईकर:
काल विचारलं. म्हणले, खोलीत बसून बातम्या बघायला मी काय आजारी हाय का. खरं पण हाय, सकाळी शेजारचे दोघंतिघं चहाला येऊन बसतेत, बातम्या कमी अन् सोयाबीनच्या भावावर भांडणच जास्त. ते खोलीत कसं होणार. त्यामुळं मिनी एलईडीच ठरवायलोय, उन्हात पण दिसतो म्हणतेत. काळ्यात पांढरी अक्षरं आली की कडेनं धूसर उजेड पसरतो तेवढं चालवून घेऊ. पोराचं तोंड उतरलंय पण १२० हर्ट्झ सांगितल्यावर जरा खुललं.

रात्रपाळी_गेमर:
शहाणपणाचं केलंत. फक्त झोन किती हायेत ते विचारा, बॅकलाईटचे तुकडे जितके जास्त तितका तो धूसरपणा कमी. अन् दुकानात पेनड्राइव्ह घेऊन जा, काळ्या पडद्यावर पांढरी पाटी येती तसला व्हिडिओ स्वतःचा लावा, त्यांचे मासे नका बघू.

अंबाजोगाईकर:
बरं अजून एक अडचण. वर्तमानपत्राची पानं चिकटवून ६५ इंचाचं माप भिंतीवर घेतलं, १४४ बाय ८१ सेंटीमीटर, आईनं विचारलं आजोबांचा फोटो कुठं जाणार. पण हॉलला कॉलम घेऊन स्लॅब टाकला तरी मागची भिंत जुनीच, पांढऱ्या मातीची. खिळा ठोकला तर मूठभर माती खाली येती. पंचवीस किलोचा टीव्ही टांगता येईल का?

वायरमन_परभणी:
अजिबात नको. टेबलावरच ठेवा. पण टेबल किती लांब हाय?

अंबाजोगाईकर:
चार फूट.

वायरमन_परभणी:
घेण्याआधी टीव्हीच्या पायांचं अंतर मोजा. बऱ्याच ६५ इंचीचे पाय पार दोन्ही टोकाला असतेत, चार फुटी टेबलावर एक पाय हवेत राहील. मधोमध एकच स्टँड असलेला बघा, नाहीतर सुताराला सांगून पाच फुटी फळी टाका.

अंबाजोगाईकर:
सुताराला फोन केलाय, रविवारी येतो म्हणला. कोणत्या रविवारी ते नाही सांगितलं.