पीस पोस्टिंग मिळालं की कुटुंब बरोबर न्यावं की गावीच ठेवावं?

तेरेखोलकाठ:
आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार. लग्नाला ११ वर्षं झाली, त्यातली बरीचशी त्यांची फील्डमध्ये, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी गेली. आता पीस पोस्टिंग आलंय, म्हणजे कुटुंब नेता येतं अशा ठिकाणी; क्वार्टर मिळेल. गोव्यात पेडण्याच्या घरी सगळे म्हणतात, मुलांची शाळा मोडू नको. मी मात्र जायचं ठरवलंय.

धाकटा सहा वर्षांचा. काकाला 'ए काका' म्हणतो, बापाला 'तुम्ही'. गेल्या गणेश चवथीला हे माटोळीला, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या चौकटीला, सुपारीचा घोस बांधत होते. दोरा मागितला तर शेजारी उभ्या पोराने तो काकाच्या हातात नेऊन दिला. हे काही बोलले नाहीत, नुसतं स्टुलावरून खाली उतरले.

जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा असते. ऐकायला तीन महिने, पण मिळते तुकड्यातुकड्यांनी. त्यात मराठा पलटणीत चवथीची रजा सगळ्यांनाच हवी, म्हणजे ती पाळीपाळीनेच मिळणार. पोराला बाप कळायचा कधी?

सत्तरीवालो:
ताई, नाही पटत. मी फौजीचाच मुलगा. बारावीपर्यंत पाच शाळा बदलल्या. केंद्रीय विद्यालयात बदलीवाल्यांना प्रवेश मिळतो, अभ्यासक्रमही सगळीकडे तोच, हे मान्य. पण माझ्या एकाही शाळेत मराठी नव्हती. आजी पत्रं पाठवायची, बाबा वाचून दाखवायचे. मला ती स्वतः वाचता आली तेव्हा आजी राहिली नव्हती. बालपणीचा एक मित्र आज सांगता येत नाही. आणि सासू-सासऱ्यांचं काय? काजूच्या दिवसांत बागायतीत कोण जाणार? १५ वर्षांवर पेन्शन बसते, तेवढी झाली की ते घरी येतीलच.

तेरेखोलकाठ:
पेन्शन बसली म्हणून लगेच कोण येतं हो? पुढे नायब सुभेदारीची वाट बघतात. तोवर थोरली दहावीला पोचेल.

वास्कोची_नात:
माझे आजोबा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. आठ-नऊ महिने समुद्रावर, मग दोन महिने घरी. माणूस लांब असणं गोव्याला नवीन नाही. पण आजीला बोटीवर जाताच येत नव्हतं, तुम्हाला जाता येतंय. जा.

चोर्लाघाट:
सत्तरीवाल्यांचं दुःख खरं आहे, पण तो शाळेचा दोष, बापाजवळ राहण्याचा नव्हे. माझ्या बहिणीने मुलांना गावी ठेवलं. शाळा एकच राहिली, मराठी पक्की झाली. नवरा निवृत्त होऊन आला तेव्हा दोन्ही मुलं पुण्याला शिकायला निघून गेली होती. ताई, पुढे पुन्हा फील्ड आलं तर सेपरेटेड फॅमिली क्वार्टरची, म्हणजे फील्डवर गेलेल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या घराची, चौकशी करा. बेळगावला मिळालं तर घाट उतरला की घर.

सत्तरीवालो:
तरी मी म्हणेन, थोरलीला विचारा. मला कोणीच विचारलं नव्हतं.

तेरेखोलकाठ:
हे तुमचं बरोबर. काल तिला विचारलं. यंदा तिची चौथी संपते, पाचवीला शाळा बदलायचीच आहे, म्हणून तयार झाली. अट एकच: इथली मराठीची पुस्तकं बरोबर न्यायची आणि आजीला पत्र तिनेच लिहायचं. काजूला जाऊबाई गडी लावणार आहेत, निम्मे पैसे आम्ही देऊ. सासूबाई एवढंच म्हणाल्या, चवथीला सगळी या. यांना सांगितलंय, हजर झाल्या झाल्या रजेचा अर्ज टाका.