केटामाइन थेरपी: ड्रिप की स्प्रे? सल्ला हवा आहे

निळीशाई:
मोठ्या भावासाठी विचारतेय. वय ४१, डिप्रेशन. दोन वेगवेगळी औषधं पूर्ण डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊन झाली, फरक नाही. सायकियाट्रिस्टनी दोन पर्याय सांगितलेत: केटामाइन हे भुलीचं औषध थोड्या डोसमध्ये (सोबत सायकोथेरपी), किंवा ईसीटी, म्हणजे भूल देऊन मेंदूला दिलेला विजेचा शॉक. आमच्या बजेटात सहा सेशन्स बसतात, त्यावर एकही नाही. केटामाइन घ्यायचं तर ड्रिप की नाकातला स्प्रे? आणि थेरपिस्टकडे जाणं खरंच लागतं का? दादा स्वतः हा धागा वाचणार आहे.

पाऊसवेडा:
ड्रिप, डोळे मिटून. मी घेतली आहे. किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, ४० मिनिटांत. दुसऱ्या दिवशी दात घासताना लक्षात आलं की आज मला कुणी उठवलं नाही, मीच उठलो. वर्षभरात पहिल्यांदा. आता १९ झाली. तुम्ही किमान १२ तरी धरा.

निळीशाई:
सहाच जमतील हो, वर लिहिलंय.

कातरवेळ:
स्प्रे घ्या. एस्केटामाइनच्या (केटामाइनचाच एक प्रकार) स्प्रेला अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१९ मध्ये याच आजारासाठी मान्यता दिली. ड्रिपमधलं केटामाइन तिथे १९७० पासून फक्त भुलीचं औषध म्हणून मान्य आहे. मान्यता असलेलं सोडून दुसरं कशाला? माझ्या बायकोला स्प्रेनेच बरं वाटलं. दोन तास तिथेच बसवून ठेवतात, दर थोड्या वेळाने बीपी बघतात, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवू देत नाहीत.

भटक्याजीव:
घोड्यांना देतात ते औषध माणसाला? 'फ्रेंड्स' मालिकेतला मॅथ्यू पेरी केटामाइननेच गेला, ते वाचा आधी.

रात्रपाळी:
मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. केटामाइन माणसांना भूल द्यायला पन्नास वर्षांहून जास्त काळ वापरतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. पेरीची उपचारातली शेवटची ड्रिप आठवड्याहून जास्त आधी झाली होती. त्याच्या शरीरात सापडलेलं केटामाइन त्या ड्रिपमधलं असूच शकत नाही, असं शवविच्छेदनाच्या अहवालातच आहे. देखरेखीखाली घेणं आणि घरी एकट्याने घेणं यात फार अंतर आहे, ताई. घरी घ्यायला कुणी देत असेल तर साफ नाही म्हणा.
बजेटबद्दल: स्प्रे पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा असतो, म्हणजे महिन्यातच आठ. सहात बसवायचं तर ड्रिप. दादांना बीपी आहे का? पूर्वी कधी भास वगैरे?

निळीशाई:
भास कधीच नाहीत. बीपी गोळीने आटोक्यात आहे.

आजीचीगोधडी:
औषधाने मला फसवलं नाही, जागेने फसवलं. पडदे ओढलेली खोली, डोळ्यांवर पट्टी. दंडावरचा बीपीचा पट्टा आवळला की तेवढीच कळायची आपल्याला शरीर असल्याची खूण. तिसऱ्या वेळी लहानपणीचं असं काही वर आलं की मी हुंदके देत होते. शुद्धीवर आल्यावर कागदावर सही घेतली आणि गाडीत बसवलं. कुणी एक शब्द विचारला नाही. पंधरा दिवसांत सगळं पुन्हा तिथेच. थेरपिस्ट लागतो का विचारलंस ना? लागतो. आधी एकदा बोलून घ्या, आणि प्रत्येक सेशननंतर एक-दोन दिवसांत पुन्हा भेटा.

पाऊसवेडा:
अनुमोदन. पण ड्रिपच.

मराठीमोळा:
'सेशन' कशाला? 'सत्र' असा चांगला शब्द आहे की.

कातरवेळ:
आजारी माणूस जो शब्द वापरतो तोच बरोबर. विषयावर बोला.

कोरापाट:
काहीही करा, पण शॉक नको. आमच्या मावशीला पुढे घरच्यांची नावं आठवेनात.

रात्रपाळी:
२०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन्हींची तुलना आली होती, भास नसलेल्या रुग्णांत. ड्रिपने सुमारे ५५ टक्क्यांना उतार पडला, ईसीटीने ४१. स्मरणशक्तीला ईसीटीचा त्रास जास्त झाला, हे खरं. पण ड्रिपचा परिणाम ओसरतो, म्हणून मग पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. वारंवार, मोठ्या डोसमध्ये घेणाऱ्यांच्या मूत्राशयाला इजा होते आणि सवयही लागते. १९ झालेल्यांनी लघवीला जळजळ होते का, हे डॉक्टरांशी बोलावं.

पाऊसवेडा:
मला काही त्रास नाही. तरी विचारतो.

निळीशाई:
सगळ्यांचे आभार. दादाने पूर्ण धागा दोनदा वाचला आणि ईसीटी निवडली. गोधडीताईंचं बीपीच्या पट्ट्याचं वाक्य त्याने मला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाला, "जागेपणी हातपाय आपले नाहीत असं गेली दोन वर्षं वाटतंयच, ते मुद्दाम विकत घेणार नाही. भूल देऊन झोपवा आणि काय ते करा." विसरण्याची जोखीम डॉक्टरांनी समोर बसवून सांगितली, तरी तो ठाम आहे. कदाचित सहाहून जास्त लागतील, ते आम्ही बघू. थेरपिस्टची पहिली भेट मात्र याच आठवड्यात ठरवली, ती तुमच्यामुळे. सोमवारी पहिली ईसीटी आहे. तो सध्या फोनमधले फोटो लावून बसलाय, प्रत्येकाखाली नाव आणि वर्ष लिहितोय.